राष्ट्रीय क्रमांक १८ वरून ४१ वर आला, तर शाळा घसरली का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा इयर फाइव्हमध्ये (वय नऊ-दहा) आहे, घर लंडनच्या वायव्येला आहे आणि जवळच्याच एका खासगी, फक्त मुलग्यांच्या शाळेचा विचार चालू आहे. वर्तमानपत्राच्या राष्ट्रीय यादीत ही शाळा गेल्या वर्षी १८ वी होती, यंदा ४१ वी आहे. शाळेच्या वेबसाइटवर मात्र ‘कोविडनंतरचा सर्वोत्तम ए-लेव्हल निकाल’ असं झळकतंय (ए-लेव्हल म्हणजे अठराव्या वर्षी शाळा संपताना द्यायची परीक्षा). यातलं खरं काय, आणि १ जानेवारी २०२५ पासून फीवर २० टक्के व्हॅट लागलेला असताना या शाळेवर सात वर्षं पैसे घालावेत का?

खोटं बहुधा कोणीच बोलत नाहीये. यादीवाल्यांनी एक गोष्ट मोजली, शाळेने दुसरी सांगितली. पण तुम्ही विचारताय ‘शाळा कितवी’, आणि तुमच्या मनात आहे ‘आपला मुलगा या शाळेतून बाहेर पडताना कुठे असेल’. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर शाळेत एका वर्षात किती मुलं असतात, सोळाव्या वर्षी किती जण बाहेर पडतात, किती नवे येतात आणि तुमचा मुलगा प्रवेश परीक्षेत वरच्या टोकाला असेल की जेमतेम आत शिरेल, यावर अवलंबून आहे. म्हणून ‘घाला’ किंवा ‘घालू नका’ असं मी सांगणार नाही. क्रमांक फोडून त्यातून मुलांची संख्या कशी काढायची, ते सांगतो. तेवढं जमलं की अर्धा गोंधळ मिटतो.

आधी क्रमांक बनतो कसा ते पाहू. इकडच्या पालकांमध्ये सर्वांत जास्त चालणारी यादी म्हणजे ‘संडे टाइम्स’ची ‘पॅरेंट पॉवर’. तिची अनेक वर्षं वापरात असलेली रीत अशी: ए-लेव्हलच्या एकूण ग्रेडपैकी ए-स्टार (सर्वांत वरचा) ते बी किती टक्के, आणि जीसीएसईच्या, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या परीक्षेच्या, ग्रेडपैकी ९ (सर्वांत वरचा) ते ७ किती टक्के, हे दोन आकडे घ्यायचे आणि ए-लेव्हलला दुप्पट वजन द्यायचं. दुसऱ्या काही याद्या फक्त ए-स्टार आणि ए मोजतात. कोणी एका वर्षाचा निकाल घेतं, कोणी अनेक वर्षांची सरासरी, आणि एखादी यादी मध्येच रीत बदलते. त्यामुळे एकच शाळा, एकच वर्ष आणि दोन याद्यांत दोन क्रमांक, हे अगदी नेहमीचं. यादीखालची बारीक अक्षरातली टीप वाचल्याशिवाय क्रमांक वाचूच नका. शिवाय काही नावाजलेल्या शाळा आपले आकडे यादीवाल्यांना देतच नाहीत. त्या यादीतून गायब असतात आणि बाकीचे आपोआप वर सरकतात.

आता उदाहरण. आकडे कल्पित आहेत, पण अशा शाळेला शोभतील असे. इयर इलेव्हनमध्ये १५० मुलं, प्रत्येकी १० विषय, म्हणजे जीसीएसईचे १,५०० ग्रेड. इयर थर्टीनमध्ये १२० मुलं, प्रत्येकी सरासरी सव्वातीन विषय, म्हणजे ए-लेव्हलचे ३९० ग्रेड.

पहिल्या वर्षी ए-लेव्हलची विभागणी अशी धरा: ए-स्टार २५ टक्के, ए ३७, बी २६, सी ९, डी ३. म्हणजे ए-स्टार ते ए ६२ टक्के, ए-स्टार ते बी ८८ टक्के. जीसीएसईला ९ ते ७ मिळून ८२ टक्के. दुप्पट वजनाच्या रीतीने (८८ + ८८ + ८२) भागिले ३, म्हणजे ८६.

दुसऱ्या वर्षी: ए-स्टार २८, ए ३६, बी २२.५, सी ११, डी २.५. ए-स्टार ते ए झाले ६४ टक्के, म्हणजे वाढले. ए-स्टार ते बी झाले ८६.५, म्हणजे घटले. जीसीएसई ८० टक्के. यादीचा आकडा (८६.५ + ८६.५ + ८०) भागिले ३, म्हणजे ८४.३.

वरच्या पन्नास-साठ शाळा एकमेकींना इतक्या चिकटून असतात की पावणेदोन गुण गेले तर वीस-पंचवीस जागा सहज जातात. आणि त्याच वर्षी शाळा ‘ए-स्टार आणि ए मध्ये कोविडनंतरचा सर्वोत्तम निकाल’ असा फलक लावू शकते, तोही खराच. सरकारी मोजणीत ए-स्टारला ६०, ए ला ५०, बी ला ४०, सी ला ३०, डी ला २० आणि ई ला १० गुण असतात. त्या हिशेबाने पहिल्या वर्षीची दर विषयाची सरासरी ४७.२ येते आणि दुसऱ्या वर्षीची ४७.६. क्रमांक तेवीस जागांनी घसरला आणि सरासरी ग्रेड किंचित सुधारला. तुमच्या शाळेत हुबेहूब असंच झालंय असा दावा नाही, पण क्रमांक आणि फलक उलट दिशांना जाताना दिसले की मी सर्वांत आधी हीच शक्यता तपासतो.

आता हे टक्के ग्रेडमध्ये मांडा. ए-लेव्हलला दीड टक्का म्हणजे ३९० पैकी सहा ग्रेड. जीसीएसईला दोन टक्के म्हणजे १,५०० पैकी तीस ग्रेड, म्हणजे दर पाच मुलांमागे एकाला एका विषयात ७ ऐवजी ६. एवढ्याने क्रमांक हलला. निव्वळ योगायोगाने किती हलतं, तेही पाहा. ८८ टक्के आणि ३९० ग्रेड धरले तर साध्या सूत्राने प्रमाणित त्रुटी १.६५ टक्के येते. प्रत्यक्षात ती दोन-अडीच धरावी, कारण ३९० ग्रेड हे ३९० वेगळे मुलगे नसतात. एका मुलाचे तिन्ही ग्रेड सहसा एकत्रच वर किंवा खाली जातात. म्हणजे शिक्षक तेच, शिकवणं तेच, प्रवेशाची चाळणीही तीच, आणि तरी एखाद्या वर्षी आकडा दोन-तीन टक्क्यांनी इकडेतिकडे होणारच. शाळा लहान असेल तर आणखी. इयर थर्टीनमध्ये चाळीसच मुलं आणि १२० ग्रेड असतील, तर एका ग्रेडने ०.८ टक्का फरक पडतो. पोटदुखीने एका मुलाचा पेपर बिघडला तरी क्रमांक हलेल. लहान शाळांच्या बाबतीत वार्षिक क्रमांक मी बघतच नाही.

‘कोविडनंतर’ या शब्दाकडेही नीट पाहा. २०२० आणि २०२१ मध्ये परीक्षा झाल्या नाहीत, ग्रेड शाळांच्या मूल्यमापनावर दिले गेले. संपूर्ण युनायटेड किंगडममध्ये ए-लेव्हलचे ए-स्टार आणि ए मिळून २०१९ मध्ये २५.४ टक्के होते, ते २०२१ मध्ये ४४.८ टक्क्यांवर गेले. इंग्लंडच्या खासगी शाळांत तर ७०.१ टक्क्यांवर. २०२२ मध्ये मुद्दाम २०१९ आणि २०२१ च्या साधारण मधोमध आणले, २०२३ मध्ये इंग्लंडने २०१९ ची पातळी पुन्हा धरली आणि देशाचा आकडा २७.२ झाला, २०२४ मध्ये २७.८, २०२५ मध्ये २८.३. म्हणून शाळेच्या आलेखात २०२० ते २०२२ ही तीन वर्षं घुसवलेली असतील तर ती पेन्सिलीने खोडा. २०१९, २०२३, २०२४, २०२५ एवढीच वर्षं एका रांगेत मांडा, जमल्यास २०१८ जोडा. आणि प्रत्येक वर्षी शाळेच्या आकड्याशेजारी देशाचा आकडा लिहा. २०२३ ते २०२५ मध्ये शाळा एका टक्क्याने वाढली असेल, तर देशही तेवढाच वाढला आहे. त्यात शाळेचं वेगळं कर्तृत्व नाही.

यापुढचा भाग पालक सहसा विचारत नाहीत आणि शाळा आपणहून सांगत नाहीत. टक्केवारीत वर काय आहे हे सगळे पाहतात, खाली काय आहे ते कोणी पाहत नाही.

महाराष्ट्रात वाढलेल्या कोणाला १७ नंबरचा फॉर्म समजावून सांगावा लागत नाही. शंभर टक्के निकालाचा बोर्ड गेटवर लावायचा असेल तर कच्च्या मुलाला बाहेरून बसवायचं, ही युक्ती आपल्याला पाठ आहे. इकडे त्याचं रूप जरा सभ्य आहे. दहा विषय घेतलेल्या मुलाला इयर इलेव्हनच्या नाताळात ‘तू नऊवर लक्ष दे’ असं सांगितलं जातं. चार ए-लेव्हल घेणाऱ्याचा चौथा विषय मॉक परीक्षेनंतर सुटतो. क्वचित एखादा विषय खासगी परीक्षार्थी म्हणून दुसऱ्या केंद्रावर दिला जातो. यातलं बरंचसं मुलाच्या हिताचंही असतं, नऊ चांगले ग्रेड दहा मध्यम ग्रेडपेक्षा बरेच. पण टक्केवारी त्याने सुधारते हेही खरं. म्हणून दर मुलामागे किती ग्रेड ते काढा. विषयवार निकालाचा तक्ता बहुतेक शाळा ऑगस्टमध्ये लावतात. त्यात प्रत्येक विषयाला किती जण बसले त्या आकड्यांची बेरीज करा, त्या वर्षातल्या एकूण मुलांच्या संख्येने भागा. जीसीएसईला दर मुलामागे ९ विषयांच्या खाली किंवा ए-लेव्हलला जेमतेम ३ आलं तर कारण विचारा. बेरीज करताना अर्ध्या ए-लेव्हलएवढा ईपीक्यू प्रकल्प मुख्य टक्केवारीत मिसळलाय का, आणि फर्दर मॅथ्स (गणिताचा पुढचा ए-लेव्हल) वेगळा विषय म्हणून धरलाय का, हेही पाहा.

फर्दर मॅथ्सचं महत्त्व मुलग्यांच्या शाळांत फार. या विषयाला बसणारी मुलं मुळातच गणितात पुढची, त्यामुळे देशभरात त्यात निम्म्याहून अधिक ग्रेड ए-स्टार किंवा ए येतात. साध्या गणितातही हे प्रमाण चाळिशीच्या आसपास असतं. ज्या शाळेत पाचातला एक ग्रेड फर्दर मॅथ्सचा आहे, तिचा एकूण टक्का शिक्षण तेवढंच असूनही वर दिसतो. शेजारच्या मुलींच्या शाळेत इतिहास आणि इंग्रजी साहित्य जास्त असेल, तर दोन्ही टक्के शेजारी ठेवून काही कळत नाही. विषयाशी विषय लावा.

त्यापेक्षा मोठी गाळणी सोळाव्या वर्षी लागते. वरच्या उदाहरणात इयर इलेव्हनमध्ये १५० आणि इयर थर्टीनमध्ये १२० मुलं होती. मधली तीस गेली कुठे? काही सरकारी सिक्स्थ फॉर्मला (ए-लेव्हलची शेवटची दोन वर्षं) जातात कारण फी वाचते, काहींना मुलींसोबतची शाळा हवी असते. पण अनेक निवडक शाळांत पुढे जायला अट असते: जीसीएसईला किमान सहा ७, आणि जो विषय पुढे घ्यायचा त्यात ८ किंवा ९, अशा धर्तीवर. कोणाची सैल, कोणाची कडक. ए-लेव्हलचा टक्का ही अट पार केलेल्यांचाच असतो. इयर ट्वेल्व्हच्या शेवटी आणखी एक गाळणी असू शकते. २०१७ मध्ये लंडनच्या आग्नेयेकडच्या एका सरकारी ग्रामर शाळेने (प्रवेश परीक्षा घेऊन मुलं निवडणारी शाळा) इयर ट्वेल्व्हमध्ये कमी ग्रेड मिळालेल्या मुलांना शेवटचं वर्ष नाकारलं, पालक न्यायालयात गेले आणि शाळेला माघार घ्यावी लागली. सरकारी शाळेला अभ्यासात मागे पडला म्हणून मुलाला काढता येत नाही. खासगी शाळेत मात्र तुमचं नातं कराराचं. प्रवेश घेताना सही करतो त्या अटींत सिक्स्थ फॉर्मबद्दल काय लिहिलंय, ते सही करण्याआधी वाचा, नंतर नाही.

बाहेरून आत येणारेही मोजा. ‘मुलग्यांची शाळा’ म्हणवणाऱ्या काही शाळांच्या सिक्स्थ फॉर्ममध्ये मुली असतात. वेस्टमिन्स्टरला १९७३ पासून, विम्बल्डनच्या किंग्ज कॉलेज स्कूलला २०१० पासून, विंचेस्टरला २०२२ पासून. अशा ठिकाणी जीसीएसईचा निकाल मुलग्यांचा आणि ए-लेव्हलचा मिश्र असतो, आणि सोळाव्या वर्षी आत येणाऱ्यांची परीक्षा बहुधा कडक असते. अकराव्या वर्षी आत गेलेल्या मुलाचं पुढे काय झालं, हे त्या ए-लेव्हल टक्क्यावरून कळणार नाही. शाळेला सरळ विचारा: अकरा किंवा तेराव्या वर्षी आलेल्यांचा ए-लेव्हल निकाल वेगळा काढून देता का? प्रवेश विभागाकडे तो नसेलही, पण अभ्यासक्रम बघणाऱ्या उपमुख्याध्यापकांकडे असतो.

सरकारी आकड्यांकडे वळू. शिक्षण खात्याच्या शाळा-तुलनेच्या संकेतस्थळावर खासगी शाळांचं जीसीएसईचं पान उघडलंत तर दचकाल. उत्तम शाळेसमोर इंग्रजी-गणितात शून्य टक्के! कारण एवढंच की बऱ्याच खासगी शाळा आयजीसीएसई (जीसीएसईची आंतरराष्ट्रीय आवृत्ती) देतात आणि ती परीक्षा सरकारी तक्त्यात धरली जात नाही. ‘प्रोग्रेस ८’ हा प्रगतीचा आकडाही खासगी शाळांसाठी निघत नाही. म्हणून ते पान सोडून द्या आणि ए-लेव्हलचं उघडा. तिथे किती विद्यार्थी बसले, दर विषयाचे सरासरी गुण किती, उत्तम तीन विषयांचे सरासरी गुण किती, हे मिळतं. दहा गुण म्हणजे एक पूर्ण ग्रेड. दोन शाळांत दीड गुणाचा फरक असेल तर तो दर विषयामागे ग्रेडचा जेमतेम सातवा हिस्सा. यादीत त्या दोन शाळांमध्ये तीस क्रमांकांचं अंतर असलं तरी घाबरायचं कारण नाही. माझ्या मते पालकाला फुकटात मिळणारा सर्वांत प्रामाणिक आकडा हाच, कारण सीमेवरच्या एका ग्रेडने तो उड्या मारत नाही.

तरी एक मूळ प्रश्न राहतोच: हा निकाल शाळेचा की मुलांचा? अकरावीला ९५ टक्क्यांवर कट-ऑफ लावणाऱ्या कॉलेजचा बारावीचा निकाल चांगला लागला, तर कोणी प्राध्यापकांना खांद्यावर घेत नाही. इथेही तेच. तुमच्या बाजूची बार्नेटची क्वीन एलिझाबेथ्स ही सरकारी ग्रामर शाळा, फी शून्य, प्रवेशाला राहत्या भागाची अट नाही, हजारो मुलगे परीक्षेला बसतात आणि दरवर्षी जागा दोनशेच्या आत. तिथला निकाल बहुतेक महागड्या शाळांना मागे टाकतो. सेंट पॉल्स, टनब्रिज, मँचेस्टर ग्रामर, हॅम्प्टन, मर्चंट टेलर्स अशा शाळांचे निकाल वाचतानाही चाळणी किती बारीक आहे, हे मनात ठेवूनच वाचायचं.

शाळेने स्वतः किती भर घातली ते ओळखायला ‘व्हॅल्यू ॲडेड’ लागतो. बऱ्याच खासगी शाळा केंब्रिजच्या सेम या संस्थेच्या चाचण्या घेतात: खालच्या वर्गांत मिडयिस, सिक्स्थ फॉर्ममध्ये एलिस. काही शाळा कॅट-फोर घेतात. मूल आत येताना चाचणीत जिथे होतं, तशाच इतर मुलांना सरासरी कोणता ग्रेड मिळतो आणि याला कोणता मिळाला, यातला फरक म्हणजे भर. शाळा ‘आमचा व्हॅल्यू ॲडेड दर विषयाला अर्धा ग्रेड आहे’ असं म्हणाली तर तीन गोष्टी विचारा. किती वर्षांची सरासरी? कोणत्या चाचणीवरून? आणि विषयवार कसा? एकूण अर्धा ग्रेड छान दिसतो, पण गणितात एक ग्रेड वर आणि इंग्रजी-विज्ञानात शून्य असंही त्यातून निघू शकतं. शिकवण्यांचा वाटा या आकड्यात मिसळलेला असतो हेही विसरू नका. लंडनच्या वायव्येला शनिवारी सकाळी गाड्या कुठे उभ्या असतात ते तुम्हाला माहीतच आहे.

मुलग्यांच्या शाळेची खास गोष्ट म्हणजे जीसीएसईतला मुलगे-मुली फरक. २०२५ मध्ये मुलींच्या २४.५ टक्के ग्रेड ७ किंवा वर होत्या, मुलग्यांच्या १९.४ टक्के. म्हणून राष्ट्रीय यादीत मुलींच्या शाळांशी जीसीएसई लावून मुलग्यांच्या शाळेला नावं ठेवणं बरोबर नाही. तिची तुलना दुसऱ्या मुलग्यांच्या शाळेशी करा. ए-लेव्हलला हा फरक जवळजवळ नाहीसा होतो: २०२५ मध्ये ए-स्टार आणि ए मुलग्यांना २८.४, मुलींना २८.२ टक्के. मी मुलग्यांची शाळा तपासताना गणिताकडे शेवटी पाहतो. निवडक शाळेत गणिताचा निकाल चांगला असायचाच. आधी जीसीएसईचं इंग्रजी भाषा आणि इंग्रजी साहित्य पाहतो. चौदा वर्षांच्या मुलग्यांकडून निबंध लिहून घेणं हे खरं कष्टाचं काम. इंग्रजीतले ९ ते ७ गणिताच्या पाच-सात टक्के मागे असतील तर विभाग भक्कम आहे असं मी धरतो. वीस टक्के मागे असतील तर तुमचा मुलगा वाचनात कच्चा असल्यास तिथे त्याला हात मिळेल का, हा प्रश्न उभा राहतो. परकीय भाषेचंही तेच. फ्रेंचचा टक्का उत्तम दिसतो, पण १५० पैकी ४० जणच बसलेत, असं असेल तर बाकीच्यांनी ती कधी आणि का सोडली ते विचारा.

भाषेचा विषय निघालाच आहे म्हणून: घरची भाषा हा एक सोपा ९ असतो आणि काही शाळा तो टक्केवारीत धरतात. गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू यांची जीसीएसई आहे, मराठीची नाही. तेव्हा तो आयता ग्रेड आपल्या मुलांच्या वाट्याला येत नाही.

विद्यापीठांच्या यादीबद्दल फार लिहीत नाही. ‘ऑक्सब्रिज ऑफर’ (ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची) आणि प्रत्यक्ष प्रवेश या वेगळ्या गोष्टी, आणि ए-लेव्हलच्या ग्रेडअभावी काही ऑफर गळतात. आकडा दिला असेल तर तो यातला कोणता, आणि किती वर्षांचा मिळून, एवढं विचारा. ‘गेल्या पाच वर्षांत ऐंशी’ म्हणजे वर्षाला सोळा.

एवढ्यावरून तुमच्या शाळेकडून काय मागायचं ते ठरतं. चार वर्षांचे, म्हणजे २०१९ आणि २०२३ ते २०२५ चे, विषयवार तक्ते. इयर इलेव्हनमधून इयर थर्टीनपर्यंत किती पोचले आणि गेलेल्यांपैकी किती जण अट पुरी न झाल्यामुळे गेले. आणि खालच्या चौथाईचे ग्रेड. या शेवटच्या मागणीवर शाळा अडखळतात, पण तुमच्या निर्णयाला सर्वांत उपयोगी तीच आहे. उदाहरणातल्या शाळेत वरचं टोक सुधारलं आणि सी-डीचे ग्रेड १२ वरून १३.५ टक्क्यांवर गेले, म्हणजे ४७ वरून ५३. मुलगा सराव चाचण्यांमध्ये वर असेल तर त्याच्यासाठी ती शाळा उलट जरा बरी झाली. तो सीमारेषेवरून आत जाणार असेल तर हे सहा ग्रेड त्याच्यासारख्यांचे आहेत. मग खालच्या गटासाठी शाळा काय करते, गणिताचे सेट (पातळीनुसार केलेले गट) कितीचे, खालच्या सेटला कोण शिकवतं, नवखा शिक्षक की विभागप्रमुख, हे विचारायलाच हवं.

आता खरी घसरण कशी ओळखायची? एका वर्षाच्या क्रमांकावरून नाही. दर विषयाचे सरासरी गुण सलग तीन वर्षं देशाच्या तुलनेत खाली येत असतील, ती घट एका विषयापुरती नसून तीन-चार मोठ्या विषयांत असेल, आणि त्याच काळात विभागप्रमुख बदललेले असतील, तर ती घसरण खरी. एकाच विषयात खड्डा असेल तर बहुधा एक शिक्षक सोडून गेलेला असतो, दोन वर्षांत भरून निघतो. तिसरी शक्यता अशी की शाळेने प्रवेश वाढवले. १२० ऐवजी १५० मुलं घेतली की चाळणी सैल होते आणि पाच ते सात वर्षांनी निकाल उतरलेला दिसतो, शिकवणं तसंच असतानाही. म्हणून आज निकाल देणारी तुकडी आत आली तेव्हा किती मुलं घेतली होती, ते विचारा. व्हॅटनंतर काही मुलग्यांच्या शाळा मुलींना घेऊ लागल्या आहेत. तुमच्या यादीतल्या शाळेचा तसा बेत असेल, तर सध्याच्या आकड्यांवरून तुमच्या मुलाच्या वेळचं काहीच सांगता येणार नाही.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझं मत: केवळ १८ चे ४१ झाले म्हणून हे नाव खोडू नका. तसंच शाळेच्या फलकावर भाळून दुसरी नावंही खोडू नका. ए-लेव्हलचे सरासरी गुण गेल्या तीन वर्षांत दोन गुणांच्या आत खेळत असतील, तर निर्णय अंतर, फी आणि मुलाचा स्वभाव यांवर घ्या. पाचपेक्षा जास्त गुण खाली आले असतील, म्हणजे दर विषयाला अर्धा ग्रेड, तर मात्र शाळेकडून कारण ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तारखांचं तेवढं सांभाळा, कारण आकड्यांच्या नादात त्या हुकतात. सरकारी ग्रामर शाळांची परीक्षा इयर सिक्सच्या सुरुवातीला, सप्टेंबरच्या आसपास असते आणि नोंदणी इयर फाइव्हच्या उन्हाळ्यातच बंद होते. काउन्सिलकडे (स्थानिक प्रशासनाकडे) सरकारी माध्यमिक शाळेसाठी करायचा अर्ज ३१ ऑक्टोबरपर्यंत, निकाल १ मार्चला. अकराव्या वर्षी घेणाऱ्या खासगी शाळांची नोंदणी बहुधा इयर सिक्सच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत चालते, ऑफर फेब्रुवारीत येतात आणि अनामत भरायची मुदत बऱ्याचदा १ मार्चच्या आगेमागे पडते. ग्रामर शाळेचा निकाल कळायच्या आधी अनामत मागितली गेली तर ती परत मिळत नाही असं समजूनच भरा. पुढे शाळा सोडायची झाली तरी साधारणपणे एक पूर्ण टर्म आधी लेखी कळवावं लागतं, नाहीतर त्या टर्मची फी लागते. तेव्हा या उन्हाळ्यात ग्रामर शाळेची नोंदणी आधी करून ठेवा आणि विषयवार तक्ते मागणारा ईमेल त्याच आठवड्यात पाठवा. सुटीत शाळेचं ऑफिस उत्तर द्यायला वेळ लावतं.